सीझरचा भात

ढोर दवाखान्यात नोकरी केली की दोन गोष्टी आपोआप साठत जातात, कपड्यांवरचे डाग आणि किस्से. डाग निदान धुतल्यावर फिके तरी होतात. किस्से होत नाहीत. लग्नाला जा, बारशाला जा, कोणीतरी विचारतंच, "काय मॅडम, काय म्हणतात तुमचे पेशंट?" अहो, पेशंट काहीच म्हणत नाहीत! जे काय म्हणायचं ते पेशंटचे मालक म्हणतात.

मी मूळची सोलापूरकडची. गेली काही वर्षं गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आहे. बोर्डावरचं नाव चांगलं लांबलचक आहे, पण गावात त्याला 'ढोर दवाखाना' म्हणतात आणि मला 'ढोर डॉक्टरीण'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा यातलं ढोर नक्की कोण, याचा मी बराच वेळ विचार केला होता. आता कोणी 'पशुवैद्यकीय अधिकारी' म्हटलं तर मी मागे वळून बघते.

दवाखाना खरं तर गाई-बैलांचा, पण हल्ली कुत्री फार येतात. बैलाने काय खावं यावर गावात कोणाचं दुमत नसतं. कुत्र्याने काय खावं यावर मात्र प्रत्येकाचं मत आहे, ते ठाम आहे आणि ते मला ऐकवल्याशिवाय कोणी घरी जात नाही. धान्य द्यावं की देऊ नये? भात की भाकर? या एका प्रश्नावर मी आजवर जितकं ऐकलंय तितकं कॉलेजात सगळ्या विषयांचं मिळूनही ऐकलं नव्हतं.

*

रुजू झाले तेव्हाची गोष्ट. जवळच्या खेड्यातले कवडूभाऊ सायकलच्या कॅरियरवर कुत्रा बांधून घेऊन आले. बरोबर त्यांची बायको. दोघांचे चेहरे पडलेले.

"काय झालं?"

"काईच खाऊन नाई राह्यला जी. उपाशी हाये."

मी कुत्र्याला टेबलावर घेतलं. पोट नगाऱ्यासारखं! उपाशी कुत्र्याचं पोट असं फुगतं म्हणजे आत काहीतरी अडकलं असणार. नवीन नोकरी, हाताशी एक्स-रे नाही, आणि पहिलाच गंभीर पेशंट.

"पाणी पितो का?"

"पेते."

"दूध?"

"पेलं सकाळी. गंजभर."

"आणखी काही पोटात गेलं का? नीट आठवून सांगा."

"काईच नाई जी," कवडूभाऊ म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी. "कालपासून उपाशी हाये."

मी चंद्रपूरला न्यावं लागेल म्हणून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बायको म्हणाली, "काल ते शेजाऱ्याची कोंबडी खाल्लन ना त्यानं."

"अख्खी?"

"हो जी. आन् मच्छी. आन् बारशाच्या घरच्या हड्ड्या."

"मग उपाशी कसा?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सोलापूरकडच्या लोकांना इतकं साधं कसं कळत नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग कवडूभाऊंनी मला लहान पोरीला समजवावं तसं समजावलं, "म्याडम, खाल्लं त्यानं. जेवला नाई. भाताले तोंड नाई लावलं!"

झाडीपट्टीत, म्हणजे इकडच्या भाताच्या मुलखात, भात पोटात गेला तरच ते जेवण. बाकी सगळं नुसतं खाणं. तेव्हापासून मी इथे दोन वेगळे प्रश्न विचारते. आधी 'खाल्लं का?' आणि मग 'जेवला का?'

*

आमच्या दवाखान्याचे परिचर मोतीरामभाऊ. माझ्यापेक्षा वयाने मोठे, नोकरीने मोठे आणि आवाजाने तर फारच मोठे. ते चंद्रपूर जिल्ह्यातले, कोरपन्याकडचे. म्हणजे कापूस आणि ज्वारीचा मुलूख. नोकरी सगळी इकडे भाताच्या पट्ट्यात गेली, पण त्यांचं पोट काही अजून बदलून आलेलं नाही.

कुत्र्यांबद्दल त्यांचा एक सिद्धांत आहे. "म्याडम, भाताचा कुत्रा झोपते. भाकरीचा कुत्रा भुकते. आमच्याकडे चोर येत नाई, माहीत हाये काऊन? ज्वारी!"

हे ते दवाखान्यात आलेल्या प्रत्येक भातखाऊ माणसाला ऐकवतात, मग तो बैल घेऊन आलेला का असेना.

आवारात एक भटकं कुत्रं राहायचं. मोतीरामभाऊंनी त्याचं नाव ठेवलं होतं 'साहेब'. कुठल्या साहेबांवरून, ते मी विचारलं नाही. साहेबाला त्यांनी घरून ज्वारीची भाकर आणून घालायला सुरुवात केली. दूध-भाकर, वरण-भाकर, कधी नुसती कोरडी भाकर. "आता पाहा म्याडम, पाखरू नाई येणार आवारात."

पुढच्याच महिन्यात कोणीतरी आवारातल्या नळाची पितळी तोटी काढून नेली. भरदुपारी! साहेब नळाशेजारीच सावलीत पडलेला होता. शेजारच्या चहावाल्याने सांगितलं, चोराने तोटी काढली, साहेबाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेला. साहेबाने शेपटी हलवली.

मी मोतीरामभाऊंकडे पाहिलं. "काय हो, भाकरीचं काय झालं?"

ते गंभीरपणे तोटीच्या जागी लाकडाची खुंटी ठोकत होते. थोडा विचार करून म्हणाले, "चोर कोरपन्याचा असंल म्याडम. घरच्या मानसावर कसा भुकंल तो?"

*

आता गुरुजी. आमच्या गावात गुरुजी म्हटलं की हेच. जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले, अर्ध्या गावाला बाराखडी शिकवलेले. मुलगा हैदराबादला कंपनीत. आईवडिलांना सोबत म्हणून त्याने एक लॅब्रेडॉर आणून दिला. नाव सीझर. गळ्यात मार्कंड्याच्या जत्रेतला लाल गोंडेदार पट्टा, बाकी सगळा साहेबी.

गुरुजींना शुगर आहे, हेही गावात सगळ्यांना माहीत. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी त्यांचा भात पूर्ण बंद केला होता. भात सोडायचा आणि तोही झाडीपट्टीतल्या माणसाने! गुरुजी दोन वेळा पोळी-भाजी खायचे आणि भेटेल त्याला सांगायचे, "सध्या जेवण बंद हाये माझं."

त्यांची बायको सुमनबाई. बोलायला कमी, पण लक्ष सगळीकडे. गुरुजींच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती, ती भरत नव्हती, म्हणून घरात गोडधोड तर सोडाच, साधा साबुदाणासुद्धा त्या ठेवत नव्हत्या.

एक दिवस दोघं सीझरला घेऊन आले. मुलाने हैदराबादहून कुत्र्याच्या खाण्याची एक मोठी चकचकीत पिशवी पाठवली होती. 'ग्रेन-फ्री'. म्हणजे यात धान्याचा कणही नाही. सोबत मुलाचा फोन, की आजपासून सीझरला भात-पोळी काही द्यायची नाही.

गुरुजी खुर्चीत पुढे सरकून बसले. "म्याडम, तुम्ही शिकलेल्या. सांगा. कुत्र्याले धान्य पाहिजे का नको?"

मी म्हटलं, धान्य काही विष नाही. माणसाच्या चुलीशी इतक्या पिढ्या राहिल्यावर कुत्र्याला शिजलेला भात, भाकर पचते. नुसत्या भातावर ठेवू नका, सोबत अंडं, मटण, मासे असं काहीतरी हवं. पण थोडा भात दिला तर काही बिघडत नाही. एखाद्याला सोसत नाही, तेव्हा बंद करायचं.

"म्हणजे द्यावा?"

"देऊ शकता. वाटीभर."

"दोन्ही वेळा?"

"चालेल."

"ऐकलं काय व सुमन? दोन्ही वेळा!" गुरुजींचा चेहरा एकदम उजळला. पोराला पहिला नंबर मिळाल्यासारखा!

"आन् म्याडम, वरण?"

"साधं, बिनफोडणीचं असेल तर थोडं."

"वरून तुपाची धार?"

"कुत्र्याला तूप कशाला गुरुजी?"

"नाई, तसं नाई. कोरडा भात घशाखाली उतरत नाई ना," गुरुजी म्हणाले. "सीझरच्या." मग जरा थांबून, आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "आंब्याच्या लोणच्याची एखादी फोड?"

मोतीरामभाऊंना नेमका तेव्हाच खोकला आला आणि ते बाहेर गेले.

*

रेशनच्या तांदळात हल्ली पोषक घटक मिसळलेले दाणे येतात. दिसायला ते जरा वेगळे, पिवळसर. त्यावरून गावोगाव एकच बोंब उठली होती, की तांदूळ प्लास्टिकचा आहे. आपापल्या परीने जो तो तपासून पाहत होता. कोणी पाण्यात टाकून, कोणी जाळून.

एटापल्लीच्या रस्त्यावर एका गावात आम्ही लसीकरणाला गेलो होतो. तिथल्या लोकांनी जास्त पक्का उपाय काढला होता. तो भात शिजवून आधी गावातल्या एका कुत्र्याला घालायचा. कुत्र्याने खाल्ला आणि टिकला, तर माणसांनी खायचा. ज्या कुत्र्याची या कामावर नेमणूक झाली होती तो आठवड्यात चांगला गुबगुबीत झालेला दिसत होता. आम्ही पोचलो तेव्हा मात्र तो ओकत होता.

सगळं गाव गोळा झालं. "म्याडम, पाहा! प्लास्टिक बाधलं!"

"असं काही नसतं," मी म्हटलं. मी समजावून सांगायला लागले, की तो तांदूळच आहे, फक्त त्यात लोह वगैरे घातलेलं असतं, कुत्र्यालाही चालतं आणि माणसालाही. माझं भाषण चांगलं रंगात आलं होतं. लोक माना डोलावत होते.

तेवढ्यात कुत्र्याने एक जोराची उबळ दिली आणि माझ्या पायाशी निळा, लांबट, चकाकणारा तुकडा पडला. मी काडीने उचलून पाहिलं. स्लिपरचा पट्टा!

"ही चप्पल आहे!" मी ओरडले. "याने कोणाची तरी चप्पल खाल्ली आहे!"

कोणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. मागून एक आजोबा पुढे आले, त्यांनी तो पट्टा हातात घेतला, उन्हात धरला, वाकवून पाहिला आणि सगळ्यांना निकाल दिला.

"कच्चा होता तवा दाना दिसे. शिजला तं असा झाला!"

*

गडचिरोलीत दारूबंदी आहे. त्यामुळे इथे दारू नसते, हे सगळ्यांनाच मान्य आहे.

एक तरुण शेतकरी कुत्रा खांद्यावर टाकून धावत आला. कुत्रा शुद्धीत होता, पण चारही पाय चार दिशांना. खाली ठेवला तर दोन पावलं चालून भिंतीला टेकून उभा राहिला आणि भिंतीकडेच बघून प्रेमाने शेपटी हलवायला लागला.

"काय खाल्लं याने?"

"भात खाल्ला जी. साधा भात."

मी वाकून तोंडाचा वास घेतला. वासानेच माझं डोकं गरगरलं. "भाताचा असा वास येत नाही. खरं सांगा, म्हणजे औषध देता येईल."

तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला. "थोडे फुलं खाल्ले."

"कसली फुलं? मोहाची?"

"देवाले वाह्यलेले होते जी."

"कुठे वाहिले होते?"

"मडक्यात."

*

'ग्रेन-फ्री'चं वेड मग गुरुजींच्या घरापुरतं राहिलं नाही. चौकात ब्युटी पार्लर चालवणाऱ्या वनिताबाईंची स्वीटी नावाची पोमेरेनियन आहे. तिला खाज सुटली होती, केस झडत होते. गोचीड नाही, बुरशी नाही, म्हणून मी म्हटलं, एक महिना धान्य पूर्ण बंद करून पाहू. खाण्यातलं काही सोसत नसेल तर कळेल. वनिताबाई बाहेर गेल्या आणि मोतीरामभाऊंना विचारायला लागल्या, की धान्य बंद म्हणजे नेमकं काय. गर्दी होती, माझं लक्ष नव्हतं.

महिन्याने स्वीटी आली. आली म्हणजे आणावी लागली. खाज होती तशीच, वर ती अंगाने दुप्पट झाली होती. पोट गच्च. चालताना चारही पायांचं काम एकटं पोटच करत होतं.

"काय खायला घातलंत हो हिला?"

"तुम्ही सांगतल्यापासून धान्याचा दाना नाई देला जी," वनिताबाई अभिमानाने म्हणाल्या. "साबुदाण्याची खिचडी, भगर, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची आमटी, उपासाचा चिवडा. बटाट्याचा कीस तं लय आवडते तिले."

मी हळूच मोतीरामभाऊंकडे पाहिलं. ते खिडकी पुसायला लागले होते. आजवर त्यांनी ती कधी पुसली नव्हती.

"मोतीरामभाऊ, तुम्ही काय सांगितलं होतं यांना?"

"बरोबर सांगतलं म्याडम. धान्य चालत नाई म्हणजे उपासच ना? दुसरं काय असते?"

बरं, त्यांचं चुकलं तरी काय म्हणायचं? आपल्याकडे धान्य सोडून जे काय खातात त्याला उपासच म्हणतात, आणि उपासाला माणसं रोजच्यापेक्षा जास्त खातात. मी वनिताबाईंना सगळं पुन्हा समजावलं. साबुदाणा बंद, भगर बंद, लाडू बंद. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. स्वीटीला कडेवर घेतलं. दारापर्यंत जाऊन परत आल्या.

"म्याडम, महिनाभर उपास केला तिनं, मोडला नाई. आता उद्यापनाले गल्लीतले किती कुत्रे जेवू घालू जी?"

*

या सगळ्यात सीझर मात्र बारीक होत चालला होता. दोन्ही वेळा वाटीभर भात, शिवाय अंडं, तरी बरगड्या दिसायला लागल्या. मी जंताचं औषध दिलं, रक्त तपासलं, काही सापडेना. गुरुजी म्हणत, "भात वाढवून पाहू काय म्याडम?"

मग एक दिवस सुमनबाई एकट्याच आल्या. दवाखाना बंद व्हायची वेळ होती. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"म्याडम, सीझरले काई नाई झालं. मी पाह्यलं काल. मागच्या ओसरीवर बसते हे दोघं. मी भात कालवून कुत्र्याच्या भांड्यात देतो. हे एक घास त्याले देते, चार घास स्वतः खाते. कुत्र्याच्या भांड्यातून!"

मला हसू आलं होतं, पण त्यांच्याकडे बघून ते जागच्या जागी जिरलं. सुमनबाई रडत होत्या.

"शुगर लय वाढली यांची. अंगठा काळा पडून राह्यला. चंद्रपूरचे डॉक्टर म्हणते, असंच राह्यलं तं अंगठा काढा लागंल. यांच्या भावाचं असंच अंगठ्यापासून सुरू झालं होतं, मंग पाय गेला, मंग तो गेला. मले भेव वाटते म्याडम. मी काई बोलली तं म्हणते, आता जगून तरी का करू, जेवण नाई तं. तुम्ही सांगा. तुमचं ऐकते ते."

"मी? मी तर कुत्र्यांची डॉक्टर."

"म्हणून तं म्हणतो," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "कुत्र्याचा भात बंद करा."

मी आजवर पुष्कळ जनावरांवर पुष्कळ उपचार केले. पण नवऱ्याला वाचवायला कुत्र्याला पथ्य लावायची वेळ माझ्यावर आधी कधी आली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना बोलावलं. चेहरा होईल तितका गंभीर केला आणि सांगितलं, "गुरुजी, सीझरला धान्याची अ‍ॅलर्जी आहे. भात बंद, पोळी बंद. मुलाने पाठवलेलं पिशवीतलं खाणंच द्यायचं. नाहीतर त्याच्या जिवाला धोका आहे."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मग सीझरकडे.

"भाताची अलर्जी?" मागून मोतीरामभाऊ म्हणाले. "झाडीपट्टीत?"

मी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. गुरुजींनी सीझरच्या डोक्यावर हात ठेवला. कुणाच्या दहाव्याला बसावं तसे बसले होते. सुमनबाई दाराशी उभ्या, पदर तोंडाला धरून. मला फार वाईट वाटलं, पण त्या काळ्या अंगठ्याकडे पाहिलं आणि कागदावर पथ्य लिहून दिलं.

जाताना गुरुजींनी एवढंच विचारलं, "म्याडम, यात दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतलं तं तुम्हाले राग येईल काय?"

*

त्यानंतर बरेच दिवस कोणी फिरकलं नाही. मधे एकदा गुरुजींच्या मुलाचा हैदराबादहून फोन आला. त्याला काळजी वाटत होती. "मॅडम, सीझर जास्त खातोय का? पिशवी दोन महिने पुरायला पाहिजे, बाबा पंधरा दिवसांत नवीन मागवतात." मी म्हटलं, बाबांना सांगा, एकदा दाखवायला आणा, वजन बघू.

रेबीजची लस घ्यायची होती, तेव्हा दोघं सीझरला घेऊन आले. मी आधी गुरुजींच्या पायाकडे पाहिलं. जुन्या चपला होत्या, पट्टी नव्हती. अंगठा जागेवर होता, आणि माणसाच्या अंगठ्याच्या रंगाचा होता.

"भरली जखम!" सुमनबाई म्हणाल्या. मी त्यांना इतक्या आनंदात कधी पाहिलं नव्हतं. "शुगर उतरली म्याडम! चंद्रपूरचे डॉक्टर म्हणे, कागद दुसऱ्याचे तं नाई ना आणले? म्हणे, कापायची गरज नाई आता. मी तं तिथंच रडली." आणि त्या इथेही रडल्या. मी उगाचच सिरिंज शोधायला लागले.

"काय केलंत गुरुजी?" मी विचारलं.

"धान्य सोडलं," गुरुजी ताठ बसून म्हणाले. "पूर्ण. दाना शिवत नाई. डॉक्टर म्हणते, दुसऱ्या पेशंटले सांगतो, काय खाता ते लिहून द्या. मी म्हटलं, ते काई सगळ्याईले जमणार नाई."

सीझरला काट्यावर घेतलं. वजन चांगलं भरलं होतं, अंगावर चकाकी, बरगड्या गायब. लस देताना मी त्याचं तोंड धरलं, तर मिशीला भाताचं एक शीत चिकटलेलं. मी ते बोटावर घेतलं आणि सुमनबाईंकडे पाहिलं.

"माझ्या ताटातला देतो मी त्याले," त्या म्हणाल्या. "उपाशी कसा ठेवू? आता भांडं त्याचं त्यालेच मिळते."

"मग ती पिशवी?"

मोतीरामभाऊ बैलाची दोरी न्यायला म्हणून आत आले होते, ते दोरी हातात घेऊन तसेच उभे राहिले. सुमनबाई भिंतीवरचं लाळ्या-खुरकुताचं पोस्टर वाचायला लागल्या.

गुरुजींनी घसा साफ केला. खुर्ची माझ्या टेबलाजवळ ओढली.

"म्याडम, त्या पिशवीचंच विचारायचं होतं. त्यात कोंबडीवालं सोडून दुसरं काई येते काय?"

"म्हणजे कसलं?"

"म्हणजे... शाकाहारी."

"अहो गुरुजी, कुत्र्याला शाकाहारी कशाला हवं?"

गुरुजींनी एकदा सीझरकडे पाहिलं, एकदा छताकडे, आणि वर्गात उत्तर सांगावं तसं शांतपणे सांगितलं,

"सीझरचा गुरुवार असते."